तेराशे सत्तावन्न फसली

औरंगाबाद,
ता. २३ नोव्हेंबर १९५२

ती. अक्का,

मुलं सुखरूप आहेत, हे आधी. शैलाला मुदतीचा ताप उलटला नाही. डॉक्टरांनी वर्षभर शाळा नको म्हटलं होतं, ते मी पाळतो आहे. लक्ष्मणाला जवळच्या शाळेत घातलं. तिथं तो दोन दिवसांत मॉनिटर झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याला त्यावरून काढलं. कारण विचारलं तर सांगत नाही.

तुम्ही मुलं माझ्या हवाली केलीत ती जूनपर्यंत. जूनमध्ये शैला इथल्या कन्याशाळेच्या प्रवेश परीक्षेला बसेल, आणि त्यानंतर दोघांनी कुठं राहायचं ते त्यांनाच विचारायचं, असं आपलं ठरलं आहे. द्वारका गेल्यापासून चार वर्षं तुम्ही मावशी नव्हे, आई होऊन त्यांना वाढवलंत. मी आपला दिवाळीला येणारा पाहुणा. बाप म्हणून मुलांशी बोलायचं कसं, हे मला अजून नीट येत नाही. म्हणून जे येतं ते करतो. रोज संध्याकाळी दिवा लागला की दोघांना समोर बसवून जगाचा इतिहास शिकवतो. परीक्षेलाही तो आहे, फ्रान्सच्या क्रांतीपासून पुढचा.

पण गंमत अशी, की मी शिकलो उर्दूत आणि पंधरा वर्षं शिकवलं उर्दूत. आता शाळेत मराठीतून शिकवायचा हुकूम आहे. घरात जन्मभर मराठी बोलणारा मी फळ्यासमोर उभा राहिलो की अडखळतो. हुकूमत, इन्किलाब, सुलहनामा हे शब्द आधी तोंडात येतात. सुलहनाम्याला तह म्हणतात, हे काल शैलानं सांगितलं. 'बाबा, तुम्हाला एवढंही येत नाही?' असं तिच्या चेहऱ्यावर होतं, पण बोलली नाही. फार बोलतच नाही ती माझ्याशी. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते.

तुम्ही वर्तमानपत्र वाचता. नवे मराठी शब्द दिसले की कळवत जा. नानासाहेबांना नमस्कार.

आपला,
अनंत


चाळीसगाव,
ता. १४ डिसेंबर १९५२

अनंतरावांना अनसूयेचे आशीर्वाद.

तुमच्या लक्ष्मणाचं पोस्टकार्ड आलं. त्यात लिहिलंय, 'पहिले महायुद्ध तेराशे तेवीस साली सुरू झाले.' आमच्या यांनी ते कोर्टात नेलं आणि सगळ्या वकिलांना दाखवलं. घरी येऊन म्हणाले, 'निजाम गेला, पण तुझ्या मेहुण्याच्या घरात त्याचं साल अजून चालू आहे. पोरगं परीक्षेत हे लिहील आणि मास्तर म्हणेल, शिवाजीमहाराजांच्या आधीच महायुद्ध झालं.' हसून हसून त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

शब्द हवे होते ते मागच्या पानावर लिहिले आहेत. शैलाला तूप घालत जा. लक्ष्मणाला मॉनिटरपणावरून का काढलं ते मला माहीत आहे. त्यानं पोरांची नावं फळ्यावर लिहायच्या ऐवजी त्यांना माफ केलं असणार. इथंही तसंच केलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तुम्ही फ्रान्स आणि रशिया शिकवता, चांगलं आहे. पण घरचं केव्हा शिकवणार? मुलांनी मला विचारलं तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. 'रझाकारांच्या भीतीनं तुमची आई तुम्हा दोघांना घेऊन घाट उतरली, इथं तिला पटकी झाली, ती माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि तेव्हा तुमचे बाबा औरंगाबादेत निजामाच्या शाळेत शिकवत होते.' एवढंच सांगितलं. यात एक अक्षर खोटं नाही. पण तुमच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं पाहिजे. झाकलेल्या गोष्टींच्या घरात मला माझी लेकरं ठेवायची नाहीत. जून यायच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर मी मुलांना विचारायलाही थांबणार नाही.

अनसूया


औरंगाबाद,
ता. ११ जानेवारी १९५३

ती. अक्का,

चूक माझीच. माझ्या डोक्यात सगळ्या तारखा फसली सालात बसल्या आहेत. कचेरीत, शाळेत, पगारपत्रकावर आम्ही तेच साल लिहीत आलो. त्यात पाचशे एक्क्याण्णव मिळवले की इसवी सन निघतो. शिकवताना मी मनातल्या मनात मिळवतो, आणि दमलो की मिळवायचं विसरतो. लक्ष्मणानं ती दमलेली तारीख नेमकी उचलली.

त्यावर उपाय काढला. जुन्या नकाशांचे पाठकोरे कागद उभे कापले, खळीनं जोडले आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पट्टी चिकटवली. वरच्या ओळीत इसवी सन, खालच्या ओळीत फसली. मधे मुलं घटना लिहितात. फ्रान्सची क्रांती, नेपोलियन, आगगाडी, गुलामांची सुटका, जपानची लढाई. भागूबाई भांडी घासायला येतात, त्या पट्टीकडे बघून म्हणाल्या, 'मास्तर, लई लढाया झाल्या व्हय? आन् बाया-लेकरं कुठं लिवलीत?' शैलानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, 'प्रत्येक लढाईच्या खाली घरं सोडून गेले त्यांचं पण लिहायचं.' आता आम्ही तसं लिहितो. पट्टीची खालची बाजू फार लवकर भरते.

अक्का, तुमचं खरं आहे. मुलांनी माझ्याकडून ऐकलं पाहिजे. पण मला ते एकदम, पाटावर बसवून सांगता येणार नाही. पट्टी पुढं सरकते आहे. आम्ही १९१४ ओलांडलं. अठ्ठेचाळीस येईल तेव्हा मी ते वगळणार नाही. एवढा विश्वास ठेवा.

अनंत


चाळीसगाव,
ता. ८ फेब्रुवारी १९५३

अनंतराव,

विश्वास ठेवते, कारण दुसरं काय करणार. तुमच्या पट्टीत आता कोण मेलं ते कळवू नका. शैला किती जेवते ते कळवा.

घर फार मोकळं झालं आहे. संक्रांतीला तिळगूळ केला आणि करून झाल्यावर लक्षात आलं की खाणारी माणसं दोनच. हे म्हणाले, 'मुलं आली की पुन्हा कर.' त्यांनाही करमत नाही, पण बोलायचे नाहीत. लक्ष्मणाची विटी अजून त्यांच्या खुर्चीखाली आहे, ती उचलू देत नाहीत.

मला मूलबाळ नाही हे तुम्हाला माहीतच आहे. द्वारका माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिला मीच वेणीफणी करून शाळेत पोचवायची. तिची मुलं माझ्याकडे आली तेव्हा देवानं दुःखात का होईना काही दिलं असं मला वाटलं. ते तुम्ही जूनमध्ये काढून घेणार, ही धास्ती मला रोज असते. म्हणून मी तुम्हाला कठोर लिहिते. तसं लिहिलं नाही तर रडत लिहावं लागेल.

अनसूया


औरंगाबाद,
ता. १५ मार्च १९५३

ती. अक्का,

झालं. कसं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू होता. हिटलरची हुकूमत, यहुदी लोकांना पकडून नेणं, हे मी सांगत होतो. लक्ष्मण पेंगुळला होता. शैलानं विचारलं, 'बाबा, तेव्हा तिथले शाळामास्तर काय करत होते?'

मी म्हणालो, 'शिकवत होते.'

'काय?'

'जे विषय असतील ते. भूगोल, गणित.'

'आणि वर्गातली यहुदी मुलं यायची थांबली तेव्हा?'

'हाजिरीतून नावं कमी केली असतील.'

ती म्हणाली, 'तुम्हीसुद्धा?'

मी हो म्हणालो. मग सगळं सांगितलं. त्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली हिंदू मुलं एकेक करून यायची बंद झाली. कुणी मनमाडला गेलं, कुणी घाट उतरून तुमच्याकडे. मी रोज सकाळी हाजिरी घेत होतो आणि नावापुढे गैरहाजिर लिहीत होतो. द्वारका म्हणाली, 'चला, सगळेच जाऊ.' मी म्हणालो, 'तू मुलांना घेऊन अक्कांकडे पुढं हो. मी नोकरी सोडून आलो तर पुन्हा कुणी घेणार नाही.' ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला रस्त्याची भीती वाटत होती. घरात आणि शाळेत बसून राहिलं तर आपल्याला कुणी हात लावणार नाही, असं मला वाटत होतं. तिला मी त्याच रस्त्यावर दोन लेकरांसह पाठवलं. मग सप्टेंबरात लष्कर आलं. पुढच्या महिन्यात मुसलमान मुलं वर्गातून कमी झाली. त्यांच्या गावांत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाही मी हाजिरीच घेत होतो.

शैला उठली. पट्टीवर १९४८ आणि १३५७ या दोन आकड्यांच्या मधे तिनं लिहिलं, 'आई गेली. चाळीसगाव.' आणि पेन्सिल माझ्यापुढं धरली. मी लिहिलं, 'अनंतराव औरंगाबादेत. शाळेत हजर.' तिनं ते वाचलं आणि आत जाऊन पडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आता मुलं गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा घेऊन आली आणि म्हणाली, 'पुढचं शिकवा.'

तुम्ही सांगितलं ते मी केलं. तुम्ही हट्ट धरला नसता तर कदाचित केलं नसतं. त्याबद्दल तुमचे उपकार मानतो, हे मनापासून.

अनंत


औरंगाबाद,
ता. २ एप्रिल १९५३

प्रिय मावशी,

मी बरी आहे. वजन वाढलं. लक्ष्मणनं तुझ्यासाठी पडेगावच्या रस्त्यावरून रंगीत दगड आणले आहेत, ते येताना आणील.

बाबांनी सगळं सांगितलं ते त्यांनी तुला कळवलंच आहे. मला आधी राग आला. आता राग आहे, पण त्यांच्याशी बोलता येतं. आधी राग नव्हता तेव्हा बोलता येत नव्हतं. असं का होतं ते मला माहीत नाही.

आता आमचं महायुद्धानंतरचं चालू आहे. बाबांनी सांगितलं, की युरोपात लढाई संपल्यावर लाखो माणसं छावण्यांत राहत होती, कारण त्यांना जायला घर उरलं नव्हतं. तेव्हा मला आपली चाळीसगावची छावणी आठवली. जिनिंगच्या मागची, पत्र्याची. आई, मी आणि लक्ष्मण तिथं एका कोपऱ्यात होतो. तू रोज पितळेचा डबा घेऊन यायचीस. आई कुंपणाच्या तारेजवळ जायची, तू डबा द्यायचीस आणि दोघी रडायच्या. मग तू घरी जायचीस. मला वाटायचं, मावशा अशाच असतात, डबा देऊन जातात. तू आम्हाला घरी नेलंस ते आई गेल्यावर.

मावशी, आम्हाला तर जायला घर होतं. तुझं. तिथून चालत येण्यासारखं. मग आम्ही छावणीत का राहिलो? मी रागानं विचारत नाही. पट्टीवर बाबांचं लिहून झालं, तुझं राहिलं आहे.

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, 'मला वाटत होतं तुम्ही पहिल्या दिवसापासून मावशीच्याच घरी होता.' मग ते अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले. जेवायला आले नाहीत.

तुझी,
शैला


चाळीसगाव,
ता. १२ एप्रिल १९५३

अनंतराव यांस,

इतिहास आता पुरे झाला. बारा वर्षांच्या पोरीनं वडीलधाऱ्यांच्या झडत्या घ्याव्यात हे शिक्षण मला पसंत नाही. परीक्षेला गणितही आहे, त्याकडे लक्ष द्या. जूनची वाट पाहायची गरज नाही. मे उजाडताच मुलं माझ्याकडे पाठवा.

तुम्हाला माझ्यावर उट्टं काढायचं असेल तर स्वतः काढा, पोरीच्या हातून नको.

तिचं पत्र यांच्या दृष्टीस पडलेलं नाही. मी ते चुलीत घातलं. ज्या घरात दोन वेळा जेवते, ज्यांच्या नावाचं कुंकू लावते, त्यांच्याविषयी मी काय लिहून पाठवू, तुम्हीच सांगा. छावणीत पटकी आहे असं गावात सगळेच म्हणत होते. चार दिवस थांबू, असं ठरलं होतं. चारच दिवस.

यापुढं या विषयावर पत्र नको.

अनसूया


औरंगाबाद,
ता. २६ एप्रिल १९५३

ती. अक्का,

तुम्ही नको म्हटलंत तरी हे एक पत्र लिहितो. पुन्हा लिहिणार नाही.

राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. अंगणात उभा होतो तेव्हा आधी नानासाहेबांचा राग आला, मग तुमचा. चार वर्षं दर दिवाळीला तुमच्या ओसरीवर मी मान खाली घालून बसलो. तुम्ही वाढलंत ते न बोलता जेवलो. ती तुमच्या घरात, तुमच्या अंथरुणावर गेली असं समजून मनाला थोडा धीर देत आलो. तोही गेला.

पण एक सांगतो. हे कळल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, ते वाटलं नाही. तुमच्या घराचं दार बंद होतं म्हणून मी त्या रस्त्यावर तिच्याबरोबर होतो असं काही होत नाही. पट्टीवर मी लिहिलेली ओळ तशीच राहते. म्हणून मला तुमच्यावर उट्टं काढायचं नाही. तुम्ही रोज डबा घेऊन तारेपर्यंत तरी गेलात. मी तिथवरही आलो नव्हतो.

मुलं पाठवतो. येत्या बुधवारच्या मोटारीनं कन्नडपर्यंत मी सोबत येईन, तिथून पुढं आमचा शेजारी बद्रीनाथ आणून पोचवील, तो कामासाठी चाळीसगावला जात-येत असतो. शैलाला मी काही बजावलेलं नाही. मावशीला विचारू नको असं सांगायला माझं तोंड उघडेना. जे शिकवलं ते परत मागता येत नाही. ती विचारील. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कधी विचारणार नाही.

मुलं परत येतील की नाही, मला माहीत नाही. तुम्ही ठेवून घेतलीत तर मी भांडायला येणार नाही. पण मला ती हवी आहेत, अक्का. हे आजवर तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. संध्याकाळ झाली की मला ती दोघं समोर बसलेली हवी असतात.

अनंत


चाळीसगाव,
ता. १७ मे १९५३

ती. बाबा,

आम्ही पोचल्याचं पत्र मिळालं असेल. त्यानंतर लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

मी मावशीला विचारलं नाही. ठरवलं होतं, की ती एकटी असेल तेव्हा विचारू. पण इकडे आल्यावर तिचा चेहरा बघून नकोच वाटलं. ती मला सारखी जवळ घ्यायची आणि पुन्हा पटकन उठून कामाला लागायची.

मग नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, सगळे जेवायला बसलो होतो. नानांनी चेष्टेनं विचारलं, 'काय गं, कुठवर आला तुमचा इतिहास? तेराशे तेवीसच का अजून?' मी म्हणाले, 'तेराशे सत्तावन्नपर्यंत आला.' नाना म्हणाले, 'म्हणजे किती?' मी सांगितलं, 'अठ्ठेचाळीस.' मावशी भात वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि नानांना म्हणाली, 'हिनं मला पत्रातून एक विचारलं होतं. ते पत्र मी जाळलं. आज तुमच्यासमोर उत्तर देते.'

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'द्वारका आली त्या दिवशी मी म्हटलं, तिला घरी आणते. हे म्हणाले, छावणीत पटकी आहे, चार दिवस थांबू. मी थांबले. तेव्हा तिला काही नव्हतं, चांगली होती. पटकी तिला छावणीतच लागली. मी हट्ट धरला असता तर हे नाही म्हणाले नसते. मी धरला नाही. आणि चार वर्षं तुझ्या बाबांना बोल लावला.'

नाना ताटावरून उठले. हात धुवून बाहेर गेले.

त्या दिवसापासून नाना मावशीशी बोलत नाहीत. बाहेरच्या खोलीत जेवतात. ताट मी नेते. माझ्याशीही बोलत नाहीत, पण लक्ष्मणशी बोलतात. परवा नानांच्या बहिणी येऊन गेल्या. त्या स्वयंपाकघरात मावशीला म्हणाल्या, 'पोरांसमोर नवऱ्याची अब्रू घालवलीस. तुला या घरात काय कमी होतं?' मावशीनं ऐकून घेतलं. शेजारच्याही आता येत नाहीत. मावशी दिवसभर काम करते आणि मधेच थांबते. मी जवळ जाऊन बसते तेव्हा ती आईचं सांगते. आई लहानपणी कशी होती, शाळेत जाताना कशी रडायची. हे तिनं आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

बाबा, घाट उतरताना मी लक्ष्मणला सांगितलं होतं, की जूनमध्ये विचारतील तेव्हा आपण बाबांकडे राहायचं म्हणायचं. त्यानं हो म्हटलं होतं. माझं ठरलेलंच होतं. ते अजूनही तसंच आहे. पण आत्ता मला येता येत नाही. या घरात मावशीशी बोलणारी मी एकटीच आहे.

लक्ष्मणला पुढच्या आठवड्यात बद्रीनाथकाकांबरोबर पाठवते. इथं आल्यावर त्याला खोकला झाला होता, तो गेला आहे. संध्याकाळी त्याला शिकवत जा. तो ऐकत नाहीसं वाटतं, पण सगळं ऐकतो. मला परीक्षेला यायला जमेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी बसेन. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटतं. तुमच्याकडे यायचं म्हणून मी किती अभ्यास केला ते तुम्हाला माहीत आहे.

त्या वर्षी तुम्ही शाळेत होता आणि मावशी घरात होती. हे तुम्ही दोघांनीही मला खरं सांगितलं. उद्या मला कुणी विचारलं, की मावशीशी कुणी बोलत नव्हतं त्या वर्षी तू कुठं होतीस, तर मला तिच्याजवळ होते असं सांगता आलं पाहिजे.

तुमची,
शैला